टाइप २ मधुमेह आटोक्याबाहेर न जाऊ देता मागे कसा न्यावा

टाइप २ मधुमेह कायमचा बरा होत नाही. पण औषधे थांबवून किमान तीन महिने उलटल्यावरही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातील सरासरी साखर दाखवणारे मोजमाप) ६.५ टक्क्यांखाली राहिले, तर त्या स्थितीला शमन म्हणतात. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत, निदानाला सहा वर्षे न झालेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला, तेव्हा वर्षभरात ४६ टक्के जणांना ते साधले; १५ किलो किंवा अधिक वजन घटवणाऱ्यांत तर ८६ टक्क्यांना, कारण यकृतातली व स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिन नीट काम करू लागते.

सुरुवात डॉक्टरांपासूनच करावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असताना जेवण एकदम कमी केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून डोस त्यांनीच ठरवावा. गोळ्या मनाने कधीही बंद करू नयेत, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

मग ताटाकडे वळावे. अर्धे ताट पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर, पाव भागात मटकीची उसळ, उरलेल्या पावात एक छोटी ज्वारीची भाकरी. भाकरी ज्वारीची आहे म्हणून तीन खाल्ल्या, तर साखर वाढणारच. चहा बिनसाखरेचा घ्यावा आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे.

शमन साधल्यावरही वर्षातून एकदा तरी एचबीए१सी तपासावे, कारण वजन परतले की साखरही परतते.