मतदाराच्या दारात ऐकायला कसे जावे

महापालिकेच्या निवडणुकीत पहिल्यांदाच यादीभाग, म्हणजे एका बूथपुरता मतदार यादीचा भाग, हाती घेणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्याकडे मतदार यादीची झेरॉक्स आणि पत्रकांचा गठ्ठा मिळतो, आणि 'घरोघरी जाऊन ये' एवढीच सूचना मिळते. दार उघडल्यावर नेमके काय करायचे हे कोणी सांगत नाही. मी नाशिकच्या सिडकोत वीसहून अधिक वर्षे पक्षाचे बूथचे काम करतो आहे आणि मलाही ते कोणी सांगितले नव्हते. २०२४ च्या जून महिन्यात मुलीकडे लेस्टरला गेलो तेव्हा ते मला कळले. ब्रिटनच्या संसदेची निवडणूक ४ जुलैला होती. मुलीच्या शेजारचे गृहस्थ त्यांच्या पक्षाचे जुने कार्यकर्ते होते, आणि संध्याकाळच्या फेरीला त्यांनी मला पाहुणा म्हणून सोबत नेले. पक्ष कोणता होता याला येथे महत्त्व नाही. ही पद्धत तेथील सगळेच पक्ष थोड्याफार फरकाने वापरतात, आणि आपल्याकडे ती कोणत्याही झेंड्याखाली वापरता येईल.

ती आपल्या कोणत्या निवडणुकीला लागू पडते, हे आधी पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०२३ साली मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा, काही बेटांचा अपवाद सोडता, एका मतदारसंघात ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार असावेत असे ठरले होते. नाशिकच्या विधानसभा मतदारसंघात याच्या कितीतरी पट मतदार असतात, त्यामुळे आमदारकीच्या निवडणुकीशी तुलना करून उपयोग नाही. नाशिकची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार होती आणि नगरसेवक १२२, म्हणजे चार सदस्यांच्या एका प्रभागात त्या हिशेबाने सुमारे ४९ हजार लोक येतात, आणि गेल्या दशकात पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ या बाजूंना शहर जसे वाढले ते पाहता आज त्याहून अधिक. थोडक्यात, त्यांचा खासदार जेवढ्या वस्तीत फिरतो तिच्या जवळपास आपल्याकडे आमदाराची नव्हे, तर नगरसेवकाचीच वस्ती येते. म्हणून तेथील खासदारकीची पद्धत ही आपल्या प्रभागाची पद्धत आहे असे समजून पुढचे वाचावे.

कामाची सुरुवात यादीपासून करावी, आणि तीही निवडणूक जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी. महापालिकेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागनिहाय फोडली जाते, त्यामुळे विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर प्रभागाच्या यादीत ते येणार नाही. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक गल्ली तपासावी, कारण रस्त्याच्या अलीकडचे लोक पलीकडच्या प्रभागात गेले असे नेहमी घडते आणि मतदाराला ते मतदानाच्या दिवशी सकाळी कळते. मयत, स्थलांतरित आणि दुबार नावांपुढे खुणा कराव्यात, नव्या मतदारांचे सहा क्रमांकाचे अर्ज भरून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते न करता केलेली घरभेट निम्मी वाया जाते. शेवटी यादीतील क्रमाने न जाता चालण्याच्या क्रमाने नवी वही तयार करावी. यादीत एकाच इमारतीतील दोन कुटुंबे चाळीस नावांच्या अंतराने येतात आणि सिडकोच्या योजनांमधील घरक्रमांक जमिनीवर सरळ रेषेत सापडत नाहीत, त्यामुळे एक संध्याकाळ नुसते फिरून घरांचा क्रम लिहून घेणे हाच उपाय आहे.

आता दारात. लेस्टरमध्ये मी ज्या टोळीबरोबर गेलो तिच्यात पाच जण होते. एक बाई परीक्षेला नेतात तसले पॅड घेऊन रस्त्यावरच उभ्या राहत. पॅडवर त्या गल्लीतील घरे आणि मतदारांची नावे होती, आणि मागच्या निवडणुकीत त्या घराने काय सांगितले होते तेही प्रत्येक नावापुढे एका अक्षरात लिहिलेले होते. त्या हाक मारून घरक्रमांक आणि नाव सांगत, उरलेल्या चौघांपैकी एक जण जाऊन दार वाजवी, दीड-दोन मिनिटे बोले आणि परत येऊन जे ऐकले ते त्यांना सांगे. त्या ते लिहून पुढचे घर सांगत. दार उघडले नाही तर दारातील पत्राच्या फटीतून पत्रक आत सरकवायचे, आणि त्या फटीला आतून ताठ ब्रश असल्यामुळे व दारामागे कुत्रा असण्याचा संभव असल्यामुळे एका वयस्कर कार्यकर्त्याने खिशात स्वयंपाकघरातील लाकडी उलथने ठेवले होते. त्याने पत्रक ढकलायचे, बोटे बाहेरच ठेवायची. त्या उलथन्याच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या.

माझ्या मनात घर करून राहिले ते मात्र त्यांचे बोलणे. कोणीही भाषण केले नाही. 'आमच्या उमेदवाराच्या वतीने आलो आहे, या भागात तुम्हाला काही अडचण आहे का?' हा पहिला प्रश्न, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतल्यावर 'या वेळी कोणाला मत द्यायचे ठरवले आहे का?' हा दुसरा. समोरच्याने विरोधी पक्षाचे नाव घेतले तर वाद घालायचा नाही, आभार मानून परत यायचे आणि तसेच लिहायचे. मी विचारले की पटवायचा प्रयत्न का केला नाही, तेव्हा त्या बाई म्हणाल्या की आज आम्ही पटवायला आलेलो नाही, कोण कुठे आहे हे कळून घ्यायला आलो आहोत. आपण तीस-चाळीस जणांचा जथा घेऊन, पुढे हलगी आणि मागे घोषणा अशा थाटात गल्लीतून जातो तेव्हा उमेदवाराचा चेहरा सगळ्यांना दिसतो, पण मतदार काय म्हणतो आहे हे एकाही माणसाला ऐकू येत नाही. पदयात्रा हवी तर एक दिवस काढा. घरभेटीला मात्र तिघांनीच जावे: एक जण वही घेऊन खाली, दोघे दारात, आणि त्या दोघांत शक्यतो एक बाई असावी.

वेळ आपल्या वस्तीप्रमाणे ठरवावी. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पाळ्या असतात, म्हणून सिडकोत किंवा अशोकनगरला कोणाच्या घरी कोणती पाळी आहे हे वहीत टिपून ठेवावे, आणि रात्रपाळीच्या माणसाला दुपारी बाराला उठवू नये. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या सोसायट्यांत आधी सचिवाला फोन करावा, नाही तर वॉचमन वर सोडत नाही. चप्पल काढून आत बसू नये. बसलो की चहा येतो, चहा आला की वीस मिनिटे जातात आणि संध्याकाळी चाळीसऐवजी आठ घरे होतात. 'काकू, चहा निकालानंतर नक्की घेईन' असे म्हटले तर आपल्याकडे कोणी रागावत नाही.

यानंतरचा भाग सर्वांत अवघड आहे आणि तो लेस्टरहून जसाच्या तसा उचलता येत नाही. तेथे माणूस तोंडावर 'नाही' म्हणतो. आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणणे असभ्यपणाचे समजले जाते, म्हणून चारही पक्षांच्या कार्यकर्त्यांना एकच घर 'तुम्हालाच की हो' असे सांगते, आणि चौघेही आपापल्या वहीत ते घर आपले म्हणून लिहितात. माझ्याकडून हे एकदा फार वाईट रीतीने घडले. एका यादीभागात निम्म्याहून जास्त नावांपुढे मी 'पक्का' अशी खूण केली होती, त्या भरवशावर शेवटचे चार दिवस आम्ही तेथे फिरकलोच नाही, आणि मोजणीत त्या बूथवर आम्ही तिसरे होतो. मतदारांनी फसवले नव्हते. त्यांच्या शिष्टाचाराचा अर्थ मी मत असा लावला होता.

त्यामुळे खुणेचा नियम कडक ठेवावा. मतदाराने स्वतःहून काही ठोस सांगितले तरच 'प', म्हणजे पक्का, लिहावे: मागच्या वेळी तुम्हालाच दिले होते, आमच्या घरातील पाच चिठ्ठ्या आणून द्या, मुलगा पुण्याहून येणार आहे त्याचे नाव यादीत पाहा. नुसते 'तुम्हालाच' याला 'क', म्हणजे कल आहे. 'बघू', 'घरात विचारून सांगते', 'अजून ठरले नाही' याला 'ड', डळमळीत. 'आम्ही सगळ्यांचेच आहोत' असे म्हणणारा बहुतेक वेळा विरोधी असतो, पण तरीही त्याला 'ड'च लिहावे, कारण अंदाज वहीत जाता कामा नये. खूण प्रत्येक नावापुढे स्वतंत्र करावी. वडिलांनी सांगितले म्हणून सुनेचे आणि नातवाचे मत त्यांच्याबरोबर आहे असे धरू नये. मतापेक्षाही अडचण अधिक नीट लिहावी: कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, घंटागाडी दोन दिवसांआड येते, नळाला पहाटे पाणी येते पण वरच्या मजल्यावर चढत नाही. ही वही पक्षाची नसून लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींची आहे, म्हणून तिचे फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नयेत.

एका एका घरासाठी एवढा खटाटोप कशाला, असे तरुण मुले विचारतात. दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनमधील सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले ते केवळ ५ मतांनी. २०१७ साली स्कॉटलंडमधील नॉर्थ ईस्ट फाइफच्या जागेचा निकाल २ मतांनी लागला. १९९७ साली विंचेस्टरमध्येही फरक २ मतांचाच होता. पराभूत उमेदवार न्यायालयात गेला, निवडणूक रद्द झाली, पुन्हा मतदान झाले आणि त्या वेळी तोच उमेदवार २१,५५६ मतांनी हरला. माझ्या मते लोकांनी मत दिल्यावर आपण त्यांच्याशी कसे वागतो हेही दारातल्या बोलण्याइतकेच मोजले जाते.

दूरचित्रवाणीवरच्या लाटेवरून आपल्या गल्लीचा अंदाज बांधू नये, हे मी लेस्टरमध्येच शिकलो. २०२४ च्या त्या निवडणुकीत मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा घेतल्या आणि हुजूर पक्ष १२१ जागांवर आला. तरीही लेस्टर पूर्व ही जागा हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून जिंकली, आणि त्या रात्री त्यांनी दुसऱ्याकडून जिंकलेली ती एकमेव जागा होती. तेथे मजूर पक्षाचे दोन माजी खासदार वेगळे उभे होते आणि मते फुटली. उमेदवारी न मिळालेले इच्छुक आपल्या प्रभागात काय करतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे त्यात चार जागांची भर पडते. अ, ब, क, ड या चारही जागांसाठी मत नोंदवल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, एखाद्या जागेवर कोणी नको असेल तर तेथे नोटाचे बटण दाबावे लागते. त्यामुळे 'चारही बटणे दाबा' हे प्रत्येक दारात, विशेषतः वयस्कर मतदारांना, नमुना दाखवून सांगावे.

जाता जाता एक सांगतो. ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून, तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. नाशिकची कितीतरी मुले तेथे शिकतात, नोकरी करतात, आणि त्यांतील अनेकांना हे माहीत नसते. त्यांनी नाव नोंदवावे आणि मतदानाला छायाचित्र असलेले ओळखपत्र न्यावे.

मतदानाच्या दिवशी वहीतील फक्त 'प' आणि 'क' ही नावे घ्यावीत. लेस्टरमध्ये सकाळी ७ ते रात्री १० असे मतदान चालते, केंद्राबाहेर पक्षांचे लोक आपल्या पक्षाच्या रंगाची फितीची फुले छातीवर लावून बसतात, मतदाराने सांगितला तर त्याचा यादीक्रमांक टिपतात आणि कोणाच्या तरी घरातल्या कचेरीत ते कागद दर तासाला पोचतात. ज्यांनी मत दिले त्यांची नावे खोडून उरलेल्यांची दारे पुन्हा वाजवली जातात. आपण हद्दीबाहेर टेबल लावून चिठ्ठ्या देतो तेव्हा हेच करता येते: चिठ्ठी नेली त्याच्यावर टिंब, आणि दुपारी एक वाजता ज्यांच्यावर टिंब नाही त्यांच्याकडे माणूस. मात्र तेथे कार्यकर्ते वृद्ध मतदारांना स्वतःच्या मोटारीतून सर्रास नेतात, ते येथे करू नये. उमेदवाराच्या बाजूने मतदारांना फुकट वाहन पुरवणे आपल्या निवडणूक कायद्यात भ्रष्ट आचार आहे. पाकिटे वाटणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नये. एकेकाळी ब्रिटनमध्येही मते दारूवर आणि मेजवान्यांवर घेतली जात, आणि १८८३ च्या कायद्याने उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातल्यावर पक्षांना बिनपगारी कार्यकर्ते आणि घरोघरची वही यांच्यावर अधिकाधिक अवलंबून राहावे लागले.

निकालानंतर बहुतेक वह्या रद्दीत जातात, आणि खरे काम तेथेच सोडले जाते. ब्रिटनमध्ये मोजणीपूर्वी निरनिराळ्या पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळतात, त्यामुळे एका गल्लीने काय केले हे त्यांना नक्की कळत नाही. पेटी उघडताना त्यांचे प्रतिनिधी टेबलापलीकडे उभे राहून दिसतील तेवढ्या मतपत्रिकांची मोजदाद करतात. आपल्याला प्रत्येक यंत्राचा, म्हणजे प्रत्येक बूथचा, आकडा मिळतो. तो मिळाल्यावर आठवड्याच्या आत वहीतील 'प' खुणांशी ताडून पाहावा. जेथे वहीत दोनशे पक्के आणि यंत्रात नव्वद निघाले, तेथे वही लिहिणाऱ्या मुलाला दोष न देता त्याला बरोबर घ्यावे, अडचणींचे पान उघडावे, आणि दिवा बंद असल्याचे ज्यांनी सांगितले होते त्या घरापासून पुन्हा सुरुवात करावी.