एसयूव्ही बघायला जाताना आईला सोबत न्या

गाडी ठरवण्याआधी मोजपट्टी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. मुंबईत खरा प्रश्न तिथेच सुटतो. स्टॅक पार्किंग, म्हणजे यंत्रावर एकावर एक गाड्या ठेवायची सोय असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा सेक्रेटरींकडून लिहून घ्या. उंच गाडी वरच्या कप्प्यात बसतेच असं नाही. खांबाला लागून जागा असेल तर दार पूर्ण उघडून माणूस उतरेल का, तेही बघा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आमच्या आईचे गुडघे दुखतात. शोरूममध्ये तिला दोनदा चढा-उतरायला लावलं, तेव्हा कळलं की सगळ्यांना आवडलेल्या गाडीचा उंबरा तिला झेपतच नाही. पायरी नाही, वर धरायला हँडल नाही. तो पर्याय तिथेच बाद केला.

सात सीटची गाडी घेणार असाल तर तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला बसवा आणि सगळ्या सीट उघड्या ठेवून डिकी बघा. बहुतेक गाड्यांत मागे जेमतेम दोन पिशव्या राहतात, मग गणपतीला गावी जाताना सामान छपरावर! वर्षातून दोनदाच सातजण जाणार असाल, तर पाच सीटचीच घ्या.

लहान मूल असेल तर आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट गाडीला पक्की अडकवायचे हुक हाताने चाचपून बघा. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या धडक चाचणीच्या रेटिंगमध्ये, मुलांच्या सुरक्षेचे स्टार वेगळे दिलेले असतात, ते आवर्जून वाचा. सनरूफ नंतर.