कोकणात घर बांधताना: भिंत चिऱ्याची की सिमेंट ब्लॉकची?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात घर बांधायचं ठरलं की बोलणी नगाच्या भावावरून सुरू होतात: चिरा (जांभा दगडाचा कापलेला ठोकळा) कितीला, ब्लॉक कितीला. हिशेब नगावर करू नका, १०० चौरस फूट तयार भिंतीवर करा. १४ × ९ × ७ इंची चिरा ९ इंची भिंतीत लावला तर सांधे धरून साधारण १३२ नग बसतात. फुटतूट धरून १४० मागवा. १६ × ८ इंची ब्लॉक ११३ लागतात, ११८ पुरतात. चिऱ्याच्या बांधकामाला १:६ मालासाठी (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सिमेंटची दीड ते दोन पोती जातात. त्यात गाडीभाडं आणि उतराई मिळवा. मग गिलावा. चांगल्या चिऱ्याची बाहेरची बाजू दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरून उघडी ठेवता येते. ब्लॉकला मात्र बाहेरून गिलावा आणि रंग लागतोच, म्हणजे १०० चौरस फुटांना आणखी दीड पोतं सिमेंट, वाळू, मजुरी आणि काही वर्षांनी पुन्हा रंग. खाण तालुक्यातच असेल तर स्वस्त वाटलेला ब्लॉक इथे बहुधा महाग पडतो. खाण लांब असेल तर उलट होतं, कारण एक चिरा जवळपास ३० किलोचा, आणि गाडी वजनावर भरते.

चिरा घेताना खाणीवर स्वतः जा. आयएस ३६२० या भारतीय मानकाप्रमाणे जांभ्याची दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी आणि पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत हवं. प्रयोगशाळा जवळ नसेल तर हातोडी मारा. घट्ट चिरा खणखणतो, कच्चा चिरा बद्द वाजतो. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे खिसे असलेले दगड बाजूला काढायला लावा. पहिल्या पावसात ती माती धुऊन जाते आणि भिंतीत भोक राहतं. तीन-चार चिरे कोरडे तोलून चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. ३० किलोच्या दगडाचं वजन साडेतीन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती खाण सोडा. ताजा काढलेला जांभा मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होतो. म्हणून दोन-तीन महिने आधी माल आणून मोकळा रचून ठेवा. खाणीतून आलेला दगड थेट भिंतीत चढवण्याची घाई अनेक घरांना भोवते.

ब्लॉकची गोष्ट वेगळी. तो आकसतो. चौदा दिवस पाणी मारून पुढे चार आठवडे सुकलेला ब्लॉकच भिंतीत घ्यावा. कालपरवा पाडलेला ब्लॉक भिंतीत वाळतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. गवंडी सवयीने ब्लॉक टाकीत बुडवतात, ते थांबवा. चिरा लावण्यापूर्वी भिजवायचा, ब्लॉक भिजवायचा नाही. फक्त बसायची बाजू किंचित ओली करायची. माल १:६ पुरे. 'मजबूत व्हावं' म्हणून १:३ चा माल वापरला तर सांधा ब्लॉकपेक्षा कडक होतो आणि भेग ब्लॉकमधूनच जाते.

दोन्हींत वाळू नीट पाहा. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी नको. तिच्यातल्या मिठाने भिंतीला लोणा लागतो आणि भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्यातल्या सळया गंजून फुगतात. क्रशरमध्ये दगड फोडून केलेला, धुतलेला चुरा बरा.

तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात खरी परीक्षा पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीची. छप्पर भिंतीबाहेर किमान अडीच-तीन फूट काढा. जोतं दोन फूट उंच घ्या, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीवर चढणार नाहीत. जोत्यावर डीपीसी (जमिनीची ओल वर चढू न देणारा थर) घातल्याशिवाय पहिला थर लावू देऊ नका. चिऱ्याच्या दर्जा १:३ मालाने, दाबून, दगडाच्या पातळीला भरा. खोल ठेवलेल्या दर्जेत पाणी साचतं आणि शेवाळ धरतं.

रचताना वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यापासून किमान चार इंच सरकलेला हवा. दिवसाला साडेतीन-चार फुटांपेक्षा जास्त उंची चढवू नका. दार-खिडकी आतल्या कोपऱ्यापासून दोन फूट लांब ठेवा.

आता भूकंप. १९६७ चा कोयनेचा धक्का आठवत असेल त्याला पट्ट्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जोत्यावर, लिंटलवर (दार-खिडकीच्या माथ्याच्या पातळीला) आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा घाला: किमान ७५ मिमी जाड, १० मिमीच्या दोन सळया, ६ मिमीच्या आडव्या कड्या दर १५० मिमीवर. पट्टा दारावर तोडायचा नाही. कोपऱ्यात १२ मिमीची उभी सळई पायापासून वरच्या पट्ट्यापर्यंत न्यावी. पोकळ ब्लॉकमध्ये त्यासाठी भोक तयारच असतं. चिऱ्यात कोपऱ्याला खाच ठेवून, सळईभोवती दोन इंच काँक्रीट भरावं लागतं. कोयनेच्या जवळ, चिपळूण-पाटण बाजूला, आमचा कौल म्हणूनच पोकळ ब्लॉकला. किनाऱ्यालगतच्या एकमजली घराला मात्र चिराच.

वरचा मजला आरसीसी सांगाड्यावर असेल तर चिरा चढवू नका. ९ इंची चिऱ्याची १०० चौरस फूट भिंत साडेचार टनांच्या आसपास जाते. ६ इंची एएसी ब्लॉकची (हवेचे बुडबुडे भरलेला हलका ब्लॉक) गिलाव्यासकट साधारण दीड टन. तुळई आणि पाया दोन्ही त्या वजनावर ठरतात. एएसीला स्नानगृहाच्या बाजूने पाणीरोधक थर देणं टाळू नका, तो पाणी पटकन ओढतो.

संपूर्ण लाकडी सांगाड्याच्या घराची चौकशी अलीकडे बरेच जण करतात. इथली वाळवी आणि चार महिन्यांची ओल पाहता भिंतीत लाकूड नको. लाकूड छपरात, जिथे वारा लागतो आणि कीड दिसते. पण ते बांधून ठेवा: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे भिंती उभ्या राहून छपरं गेलेली घरं कितीतरी होती. वरच्या पट्ट्याचं काँक्रीट ओलं असतानाच दर तीन-चार फुटांवर १२ मिमीचे वाकवलेले बोल्ट सोडा, भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड त्यांनी आवळा आणि प्रत्येक वासा त्या लाकडाला जस्त चढवलेल्या लोखंडी पट्टीने जखडा. नुसते खिळे वाऱ्याच्या वर खेचणाऱ्या जोरापुढे सुटून येतात.