रिमोटवर उडणाऱ्या (आरसी) विमानावर जीपीएस आणि उंचीचा सेन्सर: कुठे बसवायचा, कसा तपासायचा, आकडे कसे वाचायचे

बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचं गणित मांडतो. जीपीएस सांगतं ते विमानाच्या जमिनीवरून सरकण्याबद्दल. स्क्रीनवर मात्र फक्त 'उंची' आणि 'वेग' अशी नावं दिसतात, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. विमान एका पातळीवर राहत नाही, आपोआप परत येण्याच्या मोडमध्ये खाली घसरतं, वाऱ्याच्या दिशेने जाताना स्टॉल होतं (वेग कमी पडून पंखाची उचल संपते). यात सेन्सर खराब निघण्याचे प्रसंग थोडे. बहुतेक वेळा जागा चुकलेली असते किंवा आकड्याचा अर्थ.

बॅरोमीटर आणि फ्यूजलाजमधली (विमानाच्या धडातली) हवा

फ्लाइट कंट्रोलरवर (विमान सांभाळणाऱ्या छोट्या संगणकावर) बीएमपी२८०, डीपीएस३१०, एसपीएल०६ किंवा एमएस५६११ यांपैकी एखादी चिप असते. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेलं की दाब साधारण १२ पास्कलने उतरतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे ८.३ मीटर. या चिप दहा-वीस सेंटिमीटरचाही फरक टिपतात, त्यामुळे कोणती चिप घेतली याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते चिपपर्यंत पोचणाऱ्या हवेमुळे.

उडताना समोरून येणारी हवा नाकाच्या भोकातून आत घुसते आणि आतला दाब वाढवते. दाब वाढला की सेन्सरला विमान खाली गेल्यासारखं वाटतं. ही चूक जास्तीत जास्त किती होईल याचा हिशेब सोपा आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि २० ने भागा. १० च्या वेगाला ५ मीटर, १५ ला ११ मीटर, २० ला तब्बल २० मीटर. हवा सरळ चिपवर आदळत असेल तर पूर्ण चूक येईल. अर्धवट बंद पेटीत तिचा काही भाग येईल. उंची धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये थ्रॉटल (मोटरचा जोर) वाढवला की विमान आपोआप चढत असेल, तर पहिला संशय याच दाबावर घ्या.

म्हणून बॅटरी आणि ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा भाग) थंड करणारी हवा एका वाटेने जाऊ द्या आणि फ्लाइट कंट्रोलरचा कप्पा डेपरॉन किंवा फोमच्या पडदीने वेगळा करा. हवा बाहेर पडायचं भोक आत येण्याच्या भोकाच्या निदान दुप्पट ठेवा. कंट्रोलरच्या कप्प्याला फ्यूजलाजच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर २ मिलिमीटरचं एकेक भोक पाडा, पंखापासून आणि प्रॉपच्या (पुढे ओढणाऱ्या पंख्याच्या) झोतापासून दूर. भोकाची कड बाहेर उचललेली नको. दोन्ही बाजूंना भोक असलं की विमान तिरपं सरकताना एका बाजूचा वाढलेला दाब दुसऱ्या बाजूच्या कमी दाबाने बराचसा भरून निघतो.

चिपवर मोकळ्या छिद्रांच्या मऊ स्पंजचा तुकडा ठेवा, पण दाबून बसवू नका. चिपवरचं बारीक छिद्र गरम गोंदाने किंवा वॉटरप्रूफ कोटिंगने बुजलं तर सेन्सर कामातून गेला. काळा स्पंज घेतलेला बरा, कारण एमएस५६११ उजेडालाही प्रतिसाद देते. पारदर्शक कॅनोपीखाली विमान वळलं, ऊन चिपवर पडलं आणि उंचीने उडी मारली, असं त्यामुळेच होतं.

आता जमिनीवरची चाचणी. एकाने विमान मागून घट्ट धरावं, प्रॉपच्या रेषेत किंवा समोर कुणी नसावं. दुसऱ्याने पाच सेकंद पूर्ण थ्रॉटल देऊन उंचीचा आकडा बघावा. तो एक-दीड मीटरच्या आत राहिला पाहिजे. उंची खाली गेली तर हवा आत कोंडतेय. वर गेली तर प्रॉपचा झोत एखाद्या भोकावरून जाताना आतली हवा ओढतोय.

उंचीचा आकडा शून्य करण्याची घाई करू नका. व्हिडिओ ट्रान्समीटर आणि कंट्रोलर तापेपर्यंत आकडा सरकत राहतो. बॅटरी लावल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मग आर्म करा (मोटर फिरण्याची मुभा द्या). हवामानामुळेही दाब बदलतो: तासाभरात १ हेक्टोपास्कल उतरला तर जमिनीवर उतरलेलं विमान ८ मीटर उंचीवर दिसेल. लांबच्या उड्डाणानंतर असं दिसलं तर सेन्सर बदलायला धावू नका. कडक उन्हाळ्यात आणखी एक फरक पडतो. गणितात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरलेलं असेल आणि प्रत्यक्षात ३५ अंश असेल, तर १०० मीटर दिसताना विमान १०७ मीटरवर असतं. उंचीच्या कायदेशीर मर्यादेजवळ उडताना (अनेक देशांत ती १२० मीटर, म्हणजे ४०० फूट आहे) हे ७ मीटर हिशेबात धरा आणि रिमोटवरचा आवाजी इशारा १०० मीटरलाच लावा.

ग्लायडरवाल्यांसाठी: स्टिक ओढली की साधा व्हेरिओ (चढण आवाजाने सांगणारं यंत्र) लगेच गायला लागतो, कारण वेगाची उंची होते. २० मीटर प्रति सेकंदाचा सगळा वेग उंचीत घातला तर २० मीटर मिळतात. वरच्या दाबाच्या हिशेबातही हाच आकडा आला होता. टोटल एनर्जी प्रोब (व्हेरिओला जोडलेली दाबाची नळी) या साम्यावरच चालतो: तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात दाब कमी करतो, म्हणून स्टिकने घेतलेली चढण व्हेरिओला दिसत नाही आणि खरं थर्मल (वर जाणारी गरम हवा) तेवढं ऐकू येतं.

जीपीएस बसवताना

उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा एका वॅटच्या दहा लाख अब्जाव्या भागाहूनही क्षीण असतो. म्हणून मॉड्यूलची जागा ठरवताना गोंगाट करणारे भाग आधी शोधा: स्विचिंग बीईसी (बॅटरीचा व्होल्टेज कमी करून देणारा भाग), एचडी कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर. १.२ किंवा १.३ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ ट्रान्समीटर सगळ्यात त्रासदायक, कारण जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकतं आणि ती शेजारचीच फ्रिक्वेन्सी आहे. बाकी सगळं बंद ठेवून उपग्रह मोजा, मग एकेक भाग चालू करा. कॅमेरा चालू करताच १४ चे ८ झाले तर दोषी सापडला. त्याला हलवा किंवा मॉड्यूल पंखात न्या.

मॉड्यूलचा सिरॅमिक चौकोन आकाशाकडे हवा. वर ईपीओ फोम असला तरी चालतो. कार्बन फायबर, ॲल्युमिनियम टेप किंवा धातूचे कण असलेला रंग चालत नाही.

जोडणीत मॉड्यूलचा टीएक्स (माहिती पाठवणारा) कंट्रोलरच्या आरएक्सला (माहिती घेणाऱ्याला) आणि आरएक्स टीएक्सला जातो. दोन्ही तारा उलट लागल्या तर काहीच दिसत नाही आणि चूक लगेच कळते. फसवते ती अर्धी जोडणी: मॉड्यूलकडून येणारी तार ठीक, पण कंट्रोलरकडून जाणारी सुटलेली. मग स्थान दिसतं, पण कंट्रोलरला मॉड्यूलची सेटिंग बदलता येत नाही आणि माहिती सेकंदाला एकदाच येत राहते. सेकंदाला ५ किंवा १० वेळा यायला हवी. यूएसबीवर मॉड्यूल दिसत नसेल तर आधी बॅटरी लावून बघा. काही बोर्डांवर त्या पॅडला यूएसबीतून ५ व्होल्ट मिळत नाहीत.

पंखांच्या विमानाला होकायंत्राची गरज नसते. पुढे जाणाऱ्या विमानाची दिशा जीपीएसवरून कळते. विनाकारण जोडलेलं आणि मोटरच्या तारांजवळ बसलेलं होकायंत्र दिशा बिघडवतं, तेव्हा ते बंदच ठेवा.

उपग्रहाला आपल्या कक्षेची माहिती पुरी सांगायला ३० सेकंद लागतात, त्यामुळे थंड सुरुवातीला (आधीची माहिती साठवलेली नसताना) निदान अर्धं मिनिट जातंच. फिक्स आला (स्थान सापडलं) म्हणून लगेच आर्म करू नका. आर्म करताच 'होम' (परत येण्याची जागा) नोंदवलं जातं, आणि पाच-सहा उपग्रहांवर नोंदवलेलं होम बरंच बाजूला पडू शकतं. १० उपग्रह, एचडीओपी (आडव्या स्थानातली अनिश्चितता सांगणारा आकडा) १.५ च्या खाली आणि स्थिर आकडे मिळेपर्यंत थांबा.

जीपीएसची उंची बॅरोच्या जागी वापरू नका. सगळे उपग्रह डोक्याच्या वरच असतात, खालून मापाला आधार नसतो, म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट होते आणि हळूहळू डोलते. उंची बॅरोची, स्थान जीपीएसचं.

वेगाचा सापळा

समजा विमान ९ मीटर प्रति सेकंदाला, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरला स्टॉल होतं आणि वारा ५ चा आहे. वाऱ्याबरोबर जाताना जीपीएसवर १४ दिसत असतील, ताशी ५० किलोमीटर. आकडा बघून 'भरपूर वेग आहे' असं वाटतं, आणि विमान स्टॉलच्या काठावर असतं. त्या आकड्यावरून थ्रॉटल कमी केला की पंख पडतो. वाऱ्याविरुद्ध त्याच हवेतल्या वेगाला जीपीएस फक्त ४ दाखवेल. क्रूझचा खरा वेग काढायचा तर थ्रॉटल न बदलता एकदा नेमकं वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा नेमकं विरुद्ध उडवा, दोन आकड्यांची सरासरी घ्या. नेहमी वेग माहीत हवा असेल तर पिटो ट्यूब (हवेतला वेग मोजणारी नळी) लावा.

परतीची उंची आणि चाचण्या

आयनॅव्ह या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये परतीची उंची सेंटिमीटरमध्ये भरतात: ६० लिहिलं की ६० सेंटिमीटर, ६० मीटरसाठी ६०००. आर्डुपायलटच्या जुन्या आवृत्त्यांतही सेंटिमीटर, नव्यांत मीटर. ही उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते. वाटेत ४० मीटरची टेकडी असेल तर तिच्यावर ६० ची उंची २० च उरते, आणि झाडं त्यातच.

प्रॉप काढून आर्म करा, विमान हातात घेऊन उत्तरेकडे ५० मीटर चाला. अक्षांश सुमारे ०.०००४५ ने वाढला पाहिजे आणि होमचं अंतर ५० च्या आसपास दिसलं पाहिजे. होमची दिशा दाखवणारा बाण गोल फिरला तर घाबरू नका, चालण्याच्या वेगाला जीपीएसची दिशा भरवशाची नसते. हवेतली पहिली चाचणी १०० मीटर उंचीवर, २०० मीटर अंतरावर, नजरेच्या टप्प्यात घ्या. मोड बदला, बोट त्याच स्विचवर ठेवा. विमान होमकडे न वळता दुसरीकडे गेलं तर ताबडतोब मॅन्युअल घ्या.

रिमोटमध्ये एसडी कार्डवर दर सेकंदाला टेलिमेट्रीची (विमानाकडून येणाऱ्या आकड्यांची) नोंद चालू ठेवा. विमान पडलं तर शेवटचं स्थान त्यात मिळतं. नकाशात घालण्याआधी आकड्याची पद्धत बघा: एनएमईए (जीपीएसची माहिती लिहिण्याची एक पद्धत) नोंदीतला २५४५.६००० म्हणजे २५ अंश ४५.६ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागलं की २५.७६ अंश होतात. तेच २५.४५६ समजून गेलात तर ३० किलोमीटरहून लांब शोधत बसाल.