एआय एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताय? या चुका टाळा

कांद्याचे बाजारभाव सांगणारा एक छोटा एजंट (प्रश्न समजून घेऊन लागेल ते टूल स्वतः वापरणारा एआय प्रोग्राम) आम्ही बनवत होतो आणि टेस्टिंगच्या पहिल्याच आठवड्यात त्याने बिनधास्त सांगून टाकलं की लासलगावला आज कांद्याचा भाव ० रुपये आहे. कोड तीनदा तपासला, काही चुकलेलं नव्हतं. त्या दिवशी लिलाव बंद होते, त्यामुळे टूलने, म्हणजे एजंट माहिती आणायला बोलावतो त्या फंक्शनने, रिकामी लिस्ट परत दिली, आणि रिकामी लिस्ट म्हणजे काय हे आम्ही कुठे लिहिलेलंच नव्हतं, मग मॉडेलने (एजंटच्या मागच्या एआयने) आपल्या मनाने अर्थ लावला. टूलचं वर्णन काय होतं माहितीये? "बाजारभाव मिळवतो." संपलं.

मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही हे आधी डोक्यात पक्कं बसवा. त्याला टूलचं नाव दिसतं, वर्णन दिसतं, पॅरामीटर (टूलला काय काय माहिती द्यायची ते रकाने) आणि त्यांचे प्रकार दिसतात, बस. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल बोलावण्याची सोय) आणलं तेव्हाही हेच होतं आणि अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला टूल जोडायची सामायिक पद्धत) आणला त्यातही हेच आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो एककांचा. बाजार समितीचे भाव क्विंटलमागे असतात, आपल्याला ते सांगावं लागत नाही म्हणून आपण लिहीत पण नाही. आमच्या टूलमधून भाव म्हणून नुसतं १५०० यायचं. कोणी विचारलं की २० क्विंटलचे किती होतील, तर मॉडेलने तो भाव किलोचा धरला, २० क्विंटलचे २००० किलो केले, आणि उत्तर आलं ३० लाख, खरं उत्तर ३० हजार. हे ऐकून कोणी ट्रॅक्टर भरून निघाला असता तर? म्हणून आता फील्डचं नावच "भाव_रुपये_प्रति_क्विंटल" असं ठेवलंय आणि वर्णनात पण तेच परत लिहिलंय. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात, त्यातला नुसता "भाव काय" विचारल्यावर कोणता सांगायचा हे पण लिहा, नाहीतर एकदा कमाल सांगेल एकदा सर्वसाधारण.

तारखेचं पण तसंच, ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? फॉरमॅट लिहा आणि एक उदाहरण द्या, झालं.

बाजाराचं नाव मात्र एवढ्यावर भागत नाही. आम्ही तो पॅरामीटर मोकळा मजकूर ठेवला होता आणि मग लासलगाव, लासलगाव-विंचूर, लासलगाव-निफाड हे तिन्ही वेगळे आहेत हे मॉडेलला कळणार कसं? पुण्याचंही तेच, पुणे वेगळं, पुणे-मोशी वेगळं. पर्याय मोजके असतील तर यादी सरळ स्कीमामध्ये (पॅरामीटरच्या व्याख्येत) टाका म्हणजे बाहेरचं काही यायची शक्यता बरीच कमी होते, आणि यादी मोठी असेल तर बाजार शोधून कोड देणारं वेगळं टूल ठेवा आणि भावाच्या टूलच्या वर्णनात लिहा की कोड माहीत नसेल तर आधी ते टूल वापर.

आता बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं. आधी लॉग (कोणतं टूल काय भरून बोलावलं गेलं त्याची नोंद) उघडा, उत्तर वाचून अंदाज करत बसू नका. टूल बोलावलंच गेलं नसेल तर ते कधी वापरायचं हे वर्णनात नाहीये. भलतंच टूल बोलावलं असेल तर दोन टूलची वर्णनं एकमेकांवर चढलीयेत, आमच्याकडे "भाव मिळवा" आणि "दर माहिती" अशी दोन होती, एक आजचं आणि एक मागच्या महिन्यांचं, आमच्याच टीममधल्या मुलीला फरक सांगता आला नाही! टूल बरोबर पण आत भरलेलं चुकीचं असेल तर पॅरामीटरचं वर्णन बघा. आणि सगळं बरोबर जाऊन उत्तर चुकत असेल तर टूल परत काय देतं ते तुम्ही समजावलेलं नाही, आमचं शून्य रुपये प्रकरण यातलंच.

एरर मेसेजला पण वर्णनच समजा. "एरर ४००" वाचून मॉडेल तेच परत परत पाठवत राहतं. त्याऐवजी "हा बाजार कोड सापडला नाही, आधी बाजार शोधा टूल वापरा" असं आलं तर बहुतेक वेळा स्वतःच सुधारतं.

म्हणून पानभर लिहा असंही नाही हं, वर्णन प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जातं, टोकन खातं (टोकन म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर वापर मोजला जातो). डेटाबेस कोणता, सर्व्हर कुठे, हे मॉडेलच्या काही कामाचं नाही, ते काढा. आमचं वर्णन मग असं झालं: "एका बाजार समितीतील एका दिवसाचे कांद्याचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देते, रुपये प्रति क्विंटल. नुसता भाव विचारला तर सर्वसाधारण दर सांग. रिकामी लिस्ट म्हणजे त्या दिवसाची नोंद नाही, भाव शून्य नाही. पुढचा अंदाज देत नाही."

वर्णन बदललं की तेच जुने प्रश्न परत चालवून बघा, आणि प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवा, "आज कांदा काय चाललाय" असे. त्यातच एकाने विचारलं होतं की गोल्टी (बारीक कांदा) काय भावाने गेली, तर एजंटने किमान दर हाच गोल्टीचा भाव म्हणून सांगितला. मग वर्णनात अजून एक वाक्य वाढलं: "आकारानुसार भाव यात नाहीत, विचारले तर तसं स्पष्ट सांग."