एपी यू. एस. हिस्टरीची तयारी मुलांकडून कशी करून घ्यावी

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेलं की जेवणाच्या टेबलावर ‘एपुश’ हा शब्द येतो. हीच एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) यू. एस. हिस्टरी, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाची, शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा. कॉलेज बोर्ड ही संस्था ती मे महिन्यात घेते. गुण १ ते ५. आई-बाबा मदतीला बसतात ते आपल्या शाळेतल्या सवयीनं: जाडजूड पुस्तक उघडायचं आणि सनावळ्या विचारायच्या. त्यानं फारसं हाती लागत नाही. सनावळी लागते, पण मुद्दा पटवण्यासाठी पुरावा म्हणून. तयारीही त्याच बेतानं करून घ्यायला हवी.

आधी पेपर समजून घ्या

५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४० टक्के वजन. प्रश्न सुटे नसतात. एखादा उतारा, व्यंगचित्र किंवा नकाशा देऊन त्यावर तीन-चार विचारतात. मग ४० मिनिटांत तीन लघुत्तरी प्रश्न, २० टक्के. शेवटी दोन निबंध: सात दस्तऐवज वाचून लिहायचा डीबीक्यू (२५ टक्के) आणि स्मरणातून लिहायचा लाँग एसे (१५ टक्के). या दोन निबंधांना मिळून १ तास ४० मिनिटं मिळतात, आणि वाटणी विद्यार्थ्यानंच करायची असते. घोळ होतो तो इथेच. डीबीक्यू फुलवत बसलेल्या मुलाला दुसऱ्या निबंधासाठी वीसच मिनिटं उरतात. डीबीक्यूला एक तास (त्यातली पहिली १५ मिनिटं वाचन), दुसऱ्याला ४० मिनिटं, हे घड्याळ लावूनच अंगवळणी पाडा.

वेळ कुठे घालवायचा ते ठरवा

अभ्यासक्रमाचे १४९१ पासून आजपर्यंत नऊ कालखंड आहेत. पहिल्याला आणि शेवटच्याला प्रत्येकी ४ ते ६ टक्के, दुसऱ्याला ६ ते ८ टक्के, मधल्या सहांना प्रत्येकी १० ते १७ टक्के वजन. डीबीक्यू १७५४ ते १९८० या पट्ट्यातूनच येतो. तरी पुष्कळ मुलं उत्साहाच्या भरात जेम्सटाउन आणि प्युरिटन अशा सुरुवातीच्या इंग्रज वसाहतींवर सप्टेंबर-ऑक्टोबर घालवतात, आणि एप्रिलमध्ये न्यू डील (महामंदीतल्या रूझवेल्ट यांच्या योजना), शीतयुद्ध, नागरी हक्कांची चळवळ हे सगळं एका दमात उरकतात. हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत यादवी युद्ध मागे पडलेलं असावं.

दोन सनांमधला रस्ता विचारा

पंधरा-वीस सन कार्डांवर लिहा: १७६३, १७८७, १८०३, १८२०, १८४८, १८७७, १८९८, १९३३, १९६५ असे. रोज दोन कार्डं काढा आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत कसं पोचलो ते मुलाला तोंडी सांगायला लावा. समजा १८४८ आणि १८६१ निघाले. मेक्सिकोकडून प्रचंड मुलूख मिळाला, तिथे गुलामगिरी चालू द्यायची की नाही यावर वाद पेटला, १८५० ची तडजोड झाली आणि पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवणाऱ्या तिच्यातल्या ‘पळपुट्या गुलामांच्या कायद्या’नं उत्तरेकडची राज्यं चिडली. गुलामगिरीचा निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवणारा १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल, १८६० मध्ये लिंकन निवडून आले, दक्षिणेकडची राज्यं फुटली. ‘मग काय झालं?’ हे तुम्ही विचारायचंच, पण त्याच्या दुप्पट वेळा ‘त्यामुळे का?’ विचारा. तुम्हाला स्वतःला हा इतिहास येत नसला तर उलट बरंच, मुलाला नीट समजावून सांगावं लागतं.

दस्तऐवजाची उलटतपासणी

मुलं उतारा वाचतात आणि त्याचा सारांश लिहितात. त्याला गुण मिळतात, पण थोडे. डीबीक्यूत एक वेगळा गुण असतो तो निदान दोन दस्तऐवजांबद्दल लेखक कोण, श्रोते कोण, हेतू काय, प्रसंग कोणता यांतलं काही सांगून ते मुद्द्याशी जोडण्याला. गुलामगिरीविरोधी चळवळीतले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचं १८५२ चं भाषण घ्या. रॉचेस्टरमध्ये, ५ जुलैला, गुलामगिरीविरोधी महिलांच्या संस्थेपुढे केलेलं. बोलणारा स्वतः गुलामीतून पळालेला. श्रोते आधीच त्याच्या बाजूचे, म्हणून त्याला तिखट बोलता येतं. तारीख स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवसाची, आणि पळपुट्या गुलामांचा कायदा होऊन दोनच वर्षं झालेली. एवढं दोन वाक्यांत लिहिता आलं की काम झालं.

सरावासाठी आपल्याकडचाही एक उत्तम दस्तऐवज आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. परीक्षेत तो येणार नाही, पण घरी मुलाला विचारा: पुण्यात बसून ही अर्पणपत्रिका लिहिताना फुल्यांना कोणाला काय सांगायचं होतं? आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, ही इच्छा त्यांनी तिथेच नोंदवली आहे. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या दक्षिणेत मुक्त झालेल्या लोकांची प्रत्यक्ष अवस्था काय होती? या दुसऱ्या प्रश्नातून आख्खा रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे यादवी युद्धानंतरचा दक्षिणेच्या पुनर्रचनेचा काळ, उलगडतो.

मुख्य विधान घासून घ्या

प्रश्न समजा असा: १८६५ ते १८७७ या काळात कृष्णवर्णीयांच्या आयुष्यात कितपत बदल झाला? ‘खूप बदल झाले, पण काही गोष्टी तशाच राहिल्या’ हे विधान कोणत्याही शतकाला लागू पडतं, त्याला गुण नाही. त्याऐवजी: ‘तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपवली, नागरिकत्व दिलं आणि पुरुषांना मताचा हक्क दिला, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांचा लष्करी आधार गेला, त्यामुळे कायद्यातला बदल प्रत्यक्षात टिकला नाही.’ यात बाजू आहे आणि कारणंही आहेत.

डीबीक्यूचे सात गुण: मुख्य विधान एक, पार्श्वभूमी एक, दस्तऐवजांचा वापर दोन (निदान चार दस्तऐवज मुद्द्याच्या आधाराला हवेत), बाहेरचा पुरावा एक, वरची उलटतपासणी एक आणि गुंतागुंत समजल्याचा एक. बाहेरचा पुरावा म्हणून इथे फ्रीडमेन्स ब्यूरो (मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीचं सरकारी खातं) किंवा अर्धेलीनं जमीन कसण्याची पद्धत चालेल, पण नुसतं नाव टाकून भागत नाही. शेवटच्या गुणामागे सुरुवातीला लागू नका. आधीचे सहा पक्के होऊ द्या.

लघुत्तरांना प्रस्तावना नको, विधानही नको. अ, ब, क यांची थेट उत्तरं, प्रत्येकी दोन-तीन वाक्यं.

मार्चपासून सराव

कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मागचे प्रश्न, विद्यार्थ्यांची खरी उत्तरं आणि त्यांना गुण का दिले किंवा का कापले याची टिपणं फुकट मिळतात. विकतच्या गाइडांपेक्षा मला हा ऐवज मोलाचा वाटतो. टिपण झाकून मुलालाच ती उत्तरं तपासायला द्या, मग ताडून बघा. परीक्षा आता ब्लूबुक या अ‍ॅपवर होते, तेव्हा सराव निबंध टाइप करूनच लिहू द्या. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.