फोटोवरून जुनी वस्तू ओळखताना या चुका टाळा

मृगाच्या आधी आजोळचं घर शाकारायला काढलं आणि माळा खाली केला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं कौलारू घर, तीन पिढ्यांचं सामान. त्यातली एक वस्तू मामेभावानं फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवली : काळपट लाकडाची, वाटीएवढी वाटणारी, आतून गुळगुळीत. संध्याकाळपर्यंत सात उत्तरं आली. पणती, उखळी, देवाची घंगाळी, मेणबत्तीचा स्टँड... फोटोवरून शोधून देणाऱ्या ॲपनंही मेणबत्तीचाच स्टँड सांगितला आणि तसेच विकायला असलेले वीस फोटो पुढे ठेवले. मी शेवयांच्या साच्याचा तुकडा म्हणालो. सगळेच चुकलो.

आमच्या भागातल्या घरांतून अशा वस्तू रोज भंगारात जातायत, आणि त्यातल्या बऱ्याच केवळ चुकीच्या फोटोमुळे आणि घाईच्या अंदाजामुळे. म्हणून हे लिहितोय.

माप न दाखवणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. शहापूर, वडगाव, खासबाग या बेळगावच्या विणकरांच्या पेठांतून कुणी होडीसारख्या लाकडी वस्तूचा फोटो पाठवतं आणि पाहणारे म्हणतात, हळदीकुंकवाची कोयरी. मधे पोकळी, दोन्ही टोकं निमुळती, आकार तसा जुळतोही. पण शेजारी पट्टी ठेवली तर वस्तू वीतभरापेक्षा लांब निघते, आणि मग टोकांवरच्या लोखंडी टोप्याही डोळ्यांत भरतात. तो हातमागाचा धोटा, आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. पोकळीत कांडी बसते, बाजूच्या बारीक भोकातून सूत बाहेर येतं. वापरातल्या धोट्याच्या त्या भोकाशी सुतानं घासून पडलेली खाच बोटाला लागते. कुंकवाच्या कोयरीला अशी खाच कुठून येणार?

पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास 27 मिलिमीटर. एक आणि पाच रुपयांची नाणी निरनिराळ्या आकारांत निघालेली आहेत, ती मापाला नकोत. नाणं वस्तूला टेकून, तिच्याच पातळीवर हवं. पुढे ठेवलं तर वस्तू लहान दिसते, मागे ठेवलं तर मोठी.

मोबाइल अगदी जवळ नेऊन फोटो काढणं हीही चूकच. समोरची कड फुगते, मागची आक्रसते. दोन-तीन फूट मागे सरका आणि थोडं झूम करा. पितळेवर फ्लॅश मारू नका, नुसता पांढरा डाग येतो. सोप्यात, दाराच्या उजेडात ठेवून काढा.

एकाच बाजूचा फोटो

वरून, बाजूनं, बुडाचा आणि आतला, असे किमान चार फोटो हवेत. बूड तर हवंच. मामेभावाच्या त्या वस्तूचा दुसऱ्या दिवशी बुडाचा फोटो मागवला, तेव्हा कळलं की तळाला सारख्या अंतरावर तीन भोकं आहेत, आरपार, आणि प्रत्येकाभोवती काहीतरी गोल घट्ट बसत असल्याची खूण आहे. पणती आणि उखळी तिथेच बाद झाल्या. मेणबत्तीचा स्टँडही बाद, कारण भोकं आरपार कशाला असतील?

खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांतलं इरलंही फोटोत असंच फसवतं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं, रोप लावताना पाठीवर घ्यायचं. उलटं ठेवून फोटो काढला तर बाळाचा पाळणा म्हणावा, की होडी, ठरत नाही.

आधी घासून मग फोटो

हे वाचून तरी थांबा. लहानशी पितळी डबी सापडते, चिंच-मीठ लावून लखलखीत होते आणि मग विचारलं जातं, ‘ही कुंकवाची का?’ आतल्या कोपऱ्यांत पांढरी, दगडासारखी घट्ट खपली होती का, हे आता कोण सांगणार? ती असती तर चुनाळू, म्हणजे पानाच्या चुन्याची डबी, हे एका नजरेत कळलं असतं. चुना, काजळी, तेल, पीठ, तंबाखूचा वास, हे सगळे पुरावे आहेत. आधी फोटो, मग वास, मग मऊ कुंचल्यानं धूळ झाडायची. घासणं शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

काळ्या पडलेल्या ‘वॉशर’च्या बाबतीत तर भंगारवाल्याआधी आपल्यालाच भिंग घ्यायला हवं. मधे मोठं भोक, कडेनं पुसटशी अक्षरं आणि साल दिसलं तर तो 1943 ते 1947 या काळातला भोकाचा पैसा असू शकतो. वॉशरवर साल नसतं.

अक्षरांवरून मुलूख ठरवणं

आपल्याकडे हे फार होतं. धान्य मोजायच्या मापावर कानडी अक्षर दिसलं की ‘हे आपलं नव्हे, खालच्या मुलखातून आलंय’ म्हणायचं, मोडी दिसलं की ‘पुण्याहून आणलं असेल’. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं आणि इथल्या बाजारात दोन्ही भाषा शेजारी शेजारी बसून व्यवहार करत आल्यात. एकाच घरात एक माप मराठीत कोरलेलं आणि दुसरं कानडीत, यात नवल काही नाही. नाव शोधतानाही दोन्हीकडे विचारा. आपल्या शेराला कानडीत सेरु म्हणतात. मराठीत अडलेलं उत्तर शेजारच्या कानडी आज्जींकडे पटकन मिळतं.

मापांचं नाव मात्र अंदाजानं टाकू नका. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. फोटोत मापटं आणि पायली एकसारखी दिसतात. जवळच्या ओळखीच्या मापानं तांदूळ भरून पाहिलं की वाद मिटतो.

शेताच्या बांधावरच्या कोरीव दगडांचंही तेच. भर दुपारी फोटो काढला तर कोरीव काम सपाट दिसतं आणि लोक काहीही वाचतात. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना काढा, नाहीतर रात्री बाजूनं टॉर्च धरा. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, असे कप्पे दिसले तर तो वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. बांगड्या भरलेला, कोपरात दुमडलेला हात दिसला तर सतीशिळा. अक्षरं उठावीत म्हणून दगडाला चुना, तेल, खडू लावू नका. तो दगड आपल्या हयातीपुरता नाही.

हात लावू नये ते हातात घेणं

फोटोसाठी सगळंच उचलू नका. जमिनीत सापडलेली, गंजलेली, नळकांडीसारखी, एका टोकाला निमुळती जड वस्तू दिसली तर ती हलवू, ठोकू, धुऊ नका. लांबून झूम करून एक फोटो काढा, मुलांना बाजूला करा आणि 112 ला फोन करा. जुना तोफगोळा गंजला म्हणून निकामी होत नाही. आणि जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

उत्तर तोंडात घालून विचारणं

‘मावशी, हा मेणबत्तीचा स्टँडच ना?’ असं विचारलं की म्हातारं माणूस मान डोलावतं. मोबाइलचा पडदा त्यांना धड दिसत नसतो, आणि शिकलेल्या पोराला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर येतं. आम्हीही दोन दिवस हेच केलं. फोटो दाखवला, मावशी म्हणाली, ‘असंल बाबा.’

तिसऱ्या दिवशी भावानं ती वस्तूच नेऊन तिच्या मांडीवर ठेवली आणि काही बोलला नाही. तिनं ती उलटी केली, तीन भोकांत तीन बोटं घातली, परत सुलटी केली. मग उजव्या हाताची मूठ वळली आणि वाटीच्या वर आली. अंगठा हळूहळू सैल होऊ लागला, जसं काही मुठीत भात आहे.

‘चाडं की हे. कुरीवरचं. खाली तीन नळ्या बसत्यात. धूळवाफंत पेरताना मी धरायची मूठ.’

कुरी म्हणजे पेरणीची पाभर, चाडं म्हणजे तिच्यावरची बी सोडायची वाटी, आणि धूळवाफ म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात केलेली पेरणी. आतला तो गुळगुळीतपणा कशाचा, हे तेव्हा कळलं. कित्येक पेरण्यांचं बी त्यातून घसरत गेलं होतं. शेजारच्या कानडी अण्णांनी ते पाहिलं आणि दारातूनच म्हणाले, ‘कूरिगेचं!’ कानडीत कुरीला कूरिगे म्हणतात. मावशीनं चाडं परत दिलं नाही. ते आता तिच्या कोनाड्यात आहे.